गाई राहिल्या तिथं घोड्या राहतील का?

पत्र: आम्ही फलटण तालुक्यात वस्तीवर राहतो. यंदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून दोन घोड्या आणायचं ठरलंय. मिस्टरांची लहानपणापासूनची हौस आहे. घोड्यांसाठी सासऱ्यांचा जुना गोठा रिकामा करायचाय. तिथं आधी गाई होत्या. मग दिरांनी तीन वर्षं ब्रॉयलरची पिल्लं ठेवली. त्यानंतर चार वर्षं कुलूप आहे. आत तुसाचा थर, पोती, औषधांचे डबे, उंदरांच्या लेंड्या, सगळं तसंच पडलंय. वर सिमेंटचे पत्रे आहेत. मोकाट कुत्री फटीतून आत जाऊन झोपतात, त्यामुळे भिंतींना गोचीड दिसतात. मिस्टर म्हणतात, चार गडी आणि एक ब्लोअर लावला की दोन दिवसांत होईल, वरून फिनेल आणि गोचिडांचं औषध मारू. 'इतकी वर्षं गाई राहिल्या, घोड्यांना काय होतंय?' असं त्यांचं म्हणणं. मला मात्र आत पाऊल टाकायलाच भीती वाटते. मुलं लहान आहेत. कुठून सुरुवात करू?
(एक वाचक, फलटण तालुका)

ताई,

तुमची भीती खरी आहे, ती घालवू नका. आणि मिस्टरांच्या त्या एका वाक्यावरच आधी बोलते, कारण ते वाक्य मी पशुवैद्यक म्हणून गावोगावी ऐकलंय आणि एकदा त्याला मान डोलावण्याची चूक मीही केलीय.

वीसेक वर्षं झाली असतील. एका शेतकऱ्याने जुना गोठा झाडून, सारवून, चुना मारून लख्ख केला आणि मला दाखवायला नेलं. मी दारातूनच पाहिलं आणि म्हटलं, छान झालंय, आणा घोडी. पंधरा दिवसांनी त्याचा निरोप आला, घोडी चारा चावत नाही. मी गेले तेव्हा ती चारही पाय फाकून लाकडी घोड्यासारखी ताठ उभी होती. कान ताठ, शेपूट उचललेलं. मी हनुवटीखाली हलकी टिचकी मारली, तसा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सर्रकन अर्ध्या डोळ्यावर आला. धनुर्वात. पुढच्या उजव्या खुराच्या तळव्यात काळा ठिपका होता. तो कोरला तर आतून दीड इंचाचा गंजका खिळा निघाला. सारवणाखाली दबून राहिलेला. चौथ्या दिवशी घोडी गेली. त्या गोठ्यात त्याच्या गाई वर्षानुवर्षं राहिल्या होत्या, आणि त्यांच्या पायाला ते खिळे कधी लागलेही असतील. पण धनुर्वाताचं विष घोड्याला जितकं लवकर भिनतं तितकं दुसऱ्या कुठल्याच पाळीव जनावराला भिनत नाही. गाय पुष्कळदा तरून जाते. घोडा क्वचितच तरतो.

म्हणून मिस्टरांना सांगा की गोठा गाईंच्या हिशोबाने बांधलेला आहे, गाईंच्या आणि कोंबड्यांच्या हिशोबाने वापरलेला आहे. त्यात गाईला चाललेल्या चार-पाच गोष्टी घोड्याच्या जिवावर येतात. आणि त्यातली एकही झाडताना दिसत नाही.

पहिला दिवस फक्त विचारपूस करण्यात घाला. सासऱ्यांना आणि दिरांना सोबत घेऊन दारात उभ्या राहा आणि विचारा: इथं कधी जनावर एकाएकी मेलं होतं का? नाकातोंडातून काळपट रक्त येऊन मेलं होतं का? तसं झालं असेल तर ती फाशीची लक्षणं आहेत, काळपुळीचा तोच रोग, आणि त्याचे जंतू मातीत दशकानुदशकं टिकतात. उत्तर 'हो' आलं तर फावडं लावू नका, आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. दुसरं, कोणकोणती औषधं आणि कीटकनाशकं आत ठेवली होती? तिसरं, पिल्लांचं कोणतं खाद्य होतं, त्यात काय मिसळत होते?

हा तिसरा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे. ब्रॉयलरच्या खाद्यात रक्ती हगवणीचा रोग होऊ नये म्हणून मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिनसारखं औषध घालतात. कोंबडीला ते पचतं, गाईला बऱ्यापैकी चालतं, घोड्याच्या हृदयाचा स्नायू मात्र ते जाळून टाकतं. हिशोब करून बघा. कोंबडीच्या वजनाच्या दर किलोमागे मोनेन्सिनची मारक मात्रा 200 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, घोड्याची 2 ते 3 मिलिग्रॅम. म्हणजे 350 किलोच्या घोडीला 700 मिलिग्रॅमपासून मरणाचा धोका. खाद्यात मिसळायची पावडर 10 टक्क्यांची असेल तर हे सात ग्रॅममध्ये भरलं. दोन लहान चमचे, ताई. आणि यावर उतारा नाही. वाचलेली घोडीसुद्धा पुढे पळताना एकाएकी कोसळू शकते.

तेव्हा दिरांच्या पोत्यांत, कोपऱ्यात, गव्हाणीत जे काही खाद्य उरलंय ते सगळं बाहेर. 'वाया कशाला घालवायचं' म्हणून घोडीच्या तोबऱ्यात नको, आणि त्या रिकाम्या पोत्यांत हरभरा किंवा कोंडा भरणंही नको. आपल्याकडे पोतं झटकून पुन्हा वापरायची सवय असते, इथं ती मोडायचीच. गव्हाण घासून, धुऊन, वाळवून पुन्हा घासा.

तुसाच्या थराचंही तसंच. तीन वर्षांत त्यात मेलेली पिल्लं, उंदीर गाडले गेले असणार. कुजलेल्या मढ्यात बोटुलिझमचं, अंग लुळं पाडणारं विष तयार होतं, आणि घोडा त्याला फार नाजूक. ते तूस घोड्यांखाली अंथरू नका, आणि ज्या रानात घोड्या चरणार तिथं पसरूही नका. लांबच्या, नांगरायच्या तुकड्यात टाकून मातीआड करा.

आता औषधांचे डबे. हातमोजे घालून, काही न उघडता, एका जागी गोळा करा. फोरेटच्या दाण्यांची जुनी पिशवी सापडणं अगदी शक्य आहे. त्यावर देशात 2020 अखेर बंदी आली, पण कित्येक वस्त्यांवर ती अजून खुंटीला लटकलेली दिसते. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून शोधा: धान्याच्या कणगीत ठेवतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, आणि उंदरांसाठीची काळपट झिंक फॉस्फाइड पावडर. या गोळ्यांना नुसता ओलावा लागला की विषारी वायू सुटतो. मी पुढे सगळीकडे 'आधी पाणी शिंपडा' असं सांगणार आहे. ते पाणी या गोळ्यांवर पडता कामा नये. म्हणून पाण्याचा पहिला थेंब टाकण्याआधी हे डबे बाहेर गेले पाहिजेत. जाळू नका, विहिरीत किंवा ओढ्यात टाकू नका. बंद डब्यात, कुलपात, मुलांपासून लांब ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विचारून सोपवा.

मग आत कोण राहतंय ते बघा. दार-खिडक्या सताड उघडून निदान अर्धा तास बाहेर थांबा. पोतं, पत्रा, कडब्याची पेंडी कधीही हाताने उपसायची नाही. लांब काठीने किंवा पहारीने आधी आपल्यापासून लांबची बाजू उचलायची, म्हणजे खाली जे असेल त्याला पळायला वाट मिळते. उंदीर आहेत म्हणजे साप असणार हे धरूनच चाला. नाग फुत्कारून सांगतो तरी, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी आवाज करते, मण्यार काहीच सांगत नाही आणि तिच्या चाव्याची जागाही धड दुखत नाही. साप दिसला तर काम थांबवा आणि सर्पमित्राला बोलवा. कुणाला चावलाच तर दोरी आवळू नका, चिरू नका, देवऋषीकडे नेऊ नका. हात किंवा पाय न हलवता 108 बोलवून सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथं मिळतं. आणि ते प्रतिविष घोड्याच्याच रक्तापासून बनतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली ताकद आपल्या शिरेत भरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने अनेक दशकं हे काम केलंय. ज्या जनावराला तुम्ही घरी आणताय त्याचं हे ऋण आपल्या शेतकऱ्यांवर आहे, आणि मला ते दर वेळी सांगावंसं वाटतं.

आढ्याला किंवा कैचीच्या कोपऱ्यात पांढऱ्या, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराच्या तोंडाचं घुबड बसलेलं दिसलं तर त्याला हाकलू नका. त्याचं मराठी नावच गव्हाणी घुबड. अपशकुन वगैरे काही नसतं. तुमच्या गोठ्यातले उंदीर ते फुकट मारतंय. पिल्लं असतील तर ती उडेपर्यंत तो कोपरा सोडून बाकीचं काम करा.

आता ब्लोअर. तो दुकानदाराला परत द्या. उंदरांच्या लेंड्या, वटवाघळांची आणि पारव्यांची विष्ठा, कोंबड्यांखालचं वाळलेलं तूस, बुरशी धरलेला भुसा, हे सगळं ब्लोअरने हवेत उडेल आणि चार गड्यांच्या छातीत जाऊन बसेल. कोरडा खराटासुद्धा नको. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, ग्रामपंचायतीत ओळखीची असते. दहा लिटर पाण्यात साधारण दीडशे ग्रॅम कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी घ्या. ते झारीने हळू शिंपडा. पाइपचा जोर नको, जोराने धूळ पुन्हा उडते. दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या आणि मग फावड्याने ओलं ओलंच उचला. झारी नवी आणा. पाठीवरचा फवारणी पंप इथं आणू नका, त्यात तणनाशक राहिलेलं असतं.

पण जिथं गाईंचं मूत मुरलंय, मोरीत, नालीत, फरशीच्या सांध्यात, तिथं ही पावडर आधी टाकायची नाही. मुताच्या अमोनियाशी क्लोरीनची गाठ पडली की डोळे-घसा जाळणारा वायू होतो. तिथं आधी साधं पाणी आणि धुण्याचा सोडा, दहा लिटरला चारशे ग्रॅम, खराट्याने घासून धुऊन टाकायचं आणि मगच टीसीएल. संडासचं ॲसिड तर टीसीएलच्या जवळपासही नको. एक गोष्ट गड्यांना समजावून सांगा: शेणावर टाकलेलं कुठलंही जंतुनाशक वाया जातं. म्हणून नुसतं फिनेल मारून भागणार नाही. शेण, माती, थर पूर्ण निघून खालची फरशी दिसली की मग औषध. काम करणाऱ्या प्रत्येकाला एन-95 मास्क, रबरी हातमोजे, गमबूट, चष्मा द्या. तोंडाला गमछा बांधून भागत नाही. पायाला चीर असलेल्या माणसाने उंदरांच्या मुताने ओल्या झालेल्या जागी उतरू नये. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून होणारा ताप, कोकणातच होतो असं नाही. आणि तोच जंतू घोड्याच्या डोळ्यात बसतो, डोळा पुन्हा पुन्हा सुजतो आणि शेवटी जातो.

गोचिडांबद्दल नीट ऐका, कारण इथंच मिस्टरांच्या हातून अपघात होईल. गाईंच्या गोठ्यात सर्रास मारतात ते अमिट्राझ घोड्यासाठी नाही. त्याने घोड्याचं आतडं थंड पडतं, शेण अडतं, पोटशूळ उठतो. शेजाऱ्याने दिलेल्या बाटलीवर नाव वाचा, आणि ते असेल तर घोड्यांच्या जागेत त्याचा एक थेंबही नको. गोचीड भिंतींच्या भेगांत अंडी घालतात. भेगा तारेच्या ब्रशने खरवडून सिमेंटने लिंपून टाका, कुत्र्यांची फट बंद करा, आणि कुत्र्यांवरचे गोचीड मारा, नाहीतर महिन्यात पुन्हा तेच. हा त्रास नुसता खाजेचा नाही. गोचिडातून घोड्याला रक्तातले परजीवी होतात, ताप येतो, लघवी लाल होते.

सिमेंटच्या पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो. शाबूत असतील तर त्यांना हातच लावू नका: घासू नका, वरचं शेवाळ खरवडू नका, भोक पाडू नका, प्रेशरने धुऊ नका. फुटलेला असेल तो ओला करून, न तोडता, अख्खा उतरवा. दाराचा जुना ऑइलपेंटही कोरडा घासू नका. रंगातल्या शिशावरची 90 पीपीएमची मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि घोडी कंटाळली की लाकूड चघळते. तशी फळी काढूनच टाका. वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं असणार. जुनं सगळं काढा, नवं पाइपातून आणि घोडीच्या तोंडाला पोचणार नाही इतकं वर घ्या, आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, बसवा. पायात लोखंडी नाल असलेल्या जनावराला ओल्या जमिनीवरचा शॉक माणसापेक्षा वाईट लागतो.

वळचण मोजा. गाय मान खाली घालून आत येते, घोडी दचकली की मान वर फेकते. डोक्यावर निदान दहा फूट मोकळे हवेत, दार चार फूट रुंद, आणि एका घोडीला बारा बाय बारा फुटांचं ठाण. शहाबादी फरशी ओली झाली की घोडी घसरते, त्यावर रबरी मॅट किंवा चोपलेला मुरूम घाला, उतार नालीकडे ठेवा.

आणि खिळे. हे काम मी तुमच्या स्वतःच्या हातात देते, गड्यांवर सोडू नका. जुन्या लाऊडस्पीकरचं गोल चुंबक भंगारवाल्याकडे मिळतं. त्याला सुतळी बांधा आणि जमिनीवरून अगदी हळू ओढा, एक पट्टा उभा, एक आडवा. आत, दाराबाहेर, पाण्याच्या हौदापर्यंत, जिथं जिथं घोडीचं खूर पडणार तिथं. पहिल्याच फेरीत चुंबकाला तारेचे तुकडे, पत्र्याचे वॉशर, नालाचे जुने खिळे दाढीसारखे चिकटलेले दिसतील. ते काढा आणि पुन्हा ओढा. सलग दोन फेऱ्या चुंबक रिकामं आलं की थांबा. मग भिंतींवर उघडा हात नाही, जाड हातमोजा घालून घोडीच्या खांद्याच्या उंचीपर्यंत फिरवा. कडी, कोयंडा, तुटकी गव्हाण, जे टोचेल ते कापा. त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात मी हे केलं असतं तर अर्धा तास गेला असता.

मागच्या बाजूला बंद पडलेला गोबरगॅस असेल तर आत डोकावूसुद्धा नका. असले खड्डे साफ करायला एक जण उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. भक्कम झाकण घाला, भोवती कुंपण घाला, बस.

हे दोन दिवसांचं काम नाही. दोन आठवडे धरा, आणि त्यानंतर आठ-दहा दिवस गोठा नुसता उघडा राहू द्या. चुन्याचा हात द्या, पण कळीचा चुना मुलांसमोर विरघळवू नका, उकळून उडालेला एक शिंतोडा डोळा घेतो. सगळं वाळल्यावर एका रात्री दारं लावा आणि सकाळी उघडल्या उघडल्या आत जाऊन जमिनीवर मांडी घालून बसा. घोडी झोपते तेव्हा तिचं नाक तिथं असतं. तिथं डोळे चुरचुरले किंवा कोंदट वास आला तर हवा खेळत नाही, वर झरोके पाडायला हवेत. उभ्याने हे कळत नाही.

घरातल्या सगळ्यांनी, गड्यांनीसुद्धा, काम सुरू व्हायच्या आधी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते बघा. घोड्यांना आणल्यावर पहिला डोस, चार ते सहा आठवड्यांनी दुसरा, पुढे दर वर्षी. बाजारात सौदा करताना ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागा. हा रोग माणसालाही होतो, आणि आढळला तर कायद्याने घोडं मारावं लागतं. दाखला असला तरी सुरुवातीचे तीन आठवडे त्यांना वस्तीवरच्या इतर जनावरांपासून वेगळं ठेवा. काही अडलं तर 1962 वर फोन करा, पशुवैद्यकाची गाडी येते.

शेवटी तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. आपल्याकडे बहुतेक वस्त्यांवर गोठ्याच्या कडेला कण्हेर असते, पूजेच्या फुलांसाठी लावलेली. तुमच्याकडे असेल तर ती घोड्या यायच्या आधी मुळासकट काढा. तिची मूठभर पानं घोडीला मारायला पुरेशी आहेत, आणि वाळलेली पानं चाऱ्यात गेली तरी विष तेवढंच राहतं. काढलेल्या फांद्या जाळू नका, तो धूरही वाईट. खड्डा करून पुरा. सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना माझं नाव सांगा, आणि त्याच जागी त्यांच्याच हाताने जास्वंद लावून घ्या.